चावडीवरून मक्केला

दगडूभाई मुलाणी हजला निघाला आणि बावड्यात माफीचा नुसता सुकाळ झाला.

रिवाजच आहे तसा. हजला जाणाऱ्यानं निघण्याआधी दारोदार जायचं, हात जोडायचे आणि आजवर कुणाचं मन दुखावलं असेल त्याची माफी मागायची. रिवाज सोन्यासारखा आहे, त्याला कोण नावं ठेवतंय? पण शहाण्णव सालच्या त्या चैत्रात दगडूभाई ज्या झपाट्यानं माफ्या गोळा करत सुटला होता, तो बघून कुणालाही वाटलं असतं की गडी पंचायतीला उभा राहिलाय. गळ्यात गुलाबाचा हार, बरोबर दोन्ही मुलगे, मागं जमातीतली चार वडीलधारी माणसं. दारात थांबायचं, ‘चुकलं-माकलं माफ करा’ म्हणायचं, की घरातला माणूस ओसरीवरून न उठताच म्हणायचा, ‘व्हय व्हय, माफ. आमच्यासाठी तितं दुवा मागा, येताना खजूर आणा.’ झालं, चला पुढच्या दाराला. दुपारच्या आत निम्मं गाव उरकलं. ‘बाबा रे, तू केलंयस तरी काय?’ असं एकानंही विचारलं नाही.

ते विचारलं एस्तेरबाईनं.

गावाच्या खालच्या अंगाला सात-आठ घरांची ख्रिस्ती आळी आहे आणि तिच्या तोंडाशी पत्र्याचं चर्च. त्याला लागून पहिलंच घर एस्तेरबाई थोरातचं. बाई साठीच्या पुढची, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा पिंपरीला नोकरीला. ती अंगणात बाजेवर कुरडया घालत बसली होती. दगडूभाई समोर येऊन उभा राहिला तसा तिनं सोऱ्या खाली ठेवला आणि हात पदराला पुसले.

“वैनी, हजला निघालोय,” दगडूभाई म्हणाला. “माझं काय चुकलं-माकलं असंल तर माफ करा.”

“काय चुकलं?” एस्तेरबाईनं विचारलं.

दगडूभाई गडबडला. “न्हाय, म्हंजे... माणूस हाय. बोलण्या-चालण्यात होतं कायबाय.”

“बोलण्याचंच इचारते मी. काय बोलला व्हता तुमी?”

मागच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. थोरला मुलगा पुढं होऊन म्हणाला, “चाची, अब्बांना अजून लई घरं करायची हायेत.”

“मग करा की. मी कुठं धरून ठेवलंय त्यास्नी? पण माझी माफी पायजे असंल तर कशाची ते नाव घेऊन मागा. आंधळ्यागत माफ करायला मी काय वाटेवर पडलीया?”

दगडूभाईनं मान खाली घातली. “वैनी, लई जुनं झालं ते.”

“जुनं झालं म्हंजे हाय. हाय ना?”

मुलानं दंडाला धरून त्याला वळवलं. त्या दिवशी त्यानं पुढची घरं केली नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की थोरातांच्या म्हातारीनं हजवाल्याला दारातनं परत लावलं. सगळ्यांनी माफ केलं, हिलाच काय झालं, असं जो तो म्हणायला लागला. वा रे वा! ज्यांचं काही गेलं नव्हतं त्यांना माफ करायला काय जात होतं?

काय गेलं होतं ते सांगतो.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नीरा नदीवर उपसा सिंचन सोसायटीचं पंपहाऊस होतं आणि एस्तेरबाईचा नवरा शांतवन तिथं ऑपरेटर होता. लाइट रात्रीची यायची, म्हणून हा गडी तिथंच पथारी टाकून असायचा. ऊस सगळ्यांचा भिजायचा, डोळे ह्याचे लाल. रविवारी सकाळी मात्र पंपहाऊसला कुलूप लावून तो उपासनेला यायचा, कारण तो चर्चच्या मंडळीतला वडील, म्हणजे मानकरी होता. प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटायच्या दिवशी, ताट घेऊन तो एकेका माणसापुढं जायचा, आणि तेवढ्या वेळात त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते एस्तेरबाईनं दुसऱ्या कुठल्या वेळी बघितलं नाही.

अशाच एका रविवारी कुणीतरी पंपहाऊसचं कुलूप तोडलं, मोटर खोलली आणि आतलं तांबं ओढून नेलं. ऊस ऐन उन्हाळ्यात वाळायला लागला. गाव खवळलं. शोधता शोधता तांबं सापडलं ते दगडूभाईच्या दुकानात, पोत्यात भरलेलं. तेव्हा दगडूभाईचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं, सगळ्या पट्ट्यातल्या मोटारी त्याच्याकडं यायच्या. चावडीवर बैठक बसली. सोसायटीचे चेअरमन सर्जेरावतात्या. त्यांनी विचारलं, दगडू, हे पोतं तुझ्याकडं कुणी आणलं? आणि दगडूभाईनं शंभर माणसांत, शांतवनकडं न बघता सांगितलं, शांतवननं.

शांतवन म्हणाला, मी नाही. लोक म्हणाले, उपासनेला जाताजाता कुलूप ह्यानंच मोडलं असणार. दुसरं काही त्याला बोलताच आलं नाही. साधा माणूस, अंगावर आळ आला की त्याची जीभच जड व्हायची. सर्जेरावतात्यांनी वर मोठेपणा दाखवला. म्हणाले, बायकापोरांकडं बघून पोलिसात देत नाही, उपकार समज आणि किल्ली ठेवून जा. उपकार! अहो, पोलिसात दिलं असतं तर चौकशी झाली असती, साक्षी-पुरावे झाले असते, माणूस सुटला तरी असता. ह्यांच्या उपकारानं तो जन्मभराचा चोर झाला.

आणि मंडळीनं काय केलं? आपल्या माणसाच्या पाठीशी उभी राहिली? छे. पंच बसले, आणि त्यांनी ठरवलं की ज्याच्यावर चोरीचा डाग आहे त्याच्या हातात प्रभूचं ताट शोभत नाही. चूक कबूल कर, मग बघू. जी केलीच नाही ती चूक शांतवन कुठून कबूल करणार? मग त्याला भोजनालाच बसू देईनात. तरी तो प्रत्येक रविवारी यायचा, दाराशी बसायचा आणि ताट फिरायची वेळ झाली की उठून बाहेर लिंबाखाली जायचा. शेवटचं गीत सुरू झालं की परत आत. मरेपर्यंत हे चाललं. एस्तेरबाई आत बसून भाकरीचा तुकडा घ्यायची आणि तो तिच्या घशाखाली उतरायचा नाही.

तर असं होतं ते ‘चुकलं-माकलं’.

दुसऱ्या दिवशी सर्जेरावतात्या स्वतः ख्रिस्ती आळीत आले. ह्याआधी ते ह्या आळीत फक्त मतांच्या वेळी आलेले. एस्तेरबाईनं घोंगडी टाकली. तात्या बसले, पागोटं मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, “एस्तेर, गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. बावड्यातनं औंदा एकच माणूस हजला चाललाय. जाताना त्याचं मन शांत पायजे. तू एवढी शिकली-सवरलेली देवमाणूस, तुला सांगायला पायजे व्हय?”

“तात्या, माझ्या माणसाचं मन शांत व्हतं का, हे तुमी कवा इचारलं?”

“आता मेलेल्या माणसाचं काय काढतीस? त्या टायमाला दगडू जे म्हणला ते मी खरं मानलं. मला काय सपान पडलं व्हतं?”

“आणि आता?”

तात्यांनी इकडं तिकडं बघितलं. “आता काय... लोक बोलत्यात. पन त्याला बी लई साल झाली.”

“म्हंजे ठाऊक हाय,” एस्तेरबाई म्हणाली. “गावाला ठाऊक हाय की माझा माणूस चोर नव्हता. ठाऊक असून तुमी समदे मूग गिळून बसलाय.”

तात्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि चहा न घेताच गेले.

तात्यांवरचा तिचा राग मावळतोय न मावळतोय तोवर चर्चचे पाळकसाहेब आले. हे पाळक नवे, अहमदनगरकडचे, तरुण, बोलायला गोड. शांतवनला त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी आधी डोळे मिटून प्रार्थना केली. एस्तेरबाईनंही मिटले. पण प्रार्थनेत साहेब ‘तुझ्या दासीचं कठीण मन मऊ कर’ म्हणाले तसे तिनं डोळे उघडले.

“बाई,” पाळकसाहेब म्हणाले, “त्यांच्या आणि आपल्या भक्तीत हाच तर फरक आहे. त्यांना देवासाठी एवढ्या लांब जावं लागतं. अमुक ठिकाण, अमुक महिना, अमुक कपडे, अमुक फेऱ्या. आपल्या प्रभूनं विहिरीवरच्या त्या बाईला काय सांगितलं? देवाची उपासना ह्या डोंगरावरही नाही आणि त्या शहरातही नाही. ती मनानं करायची, खरेपणानं करायची. जिथं आहात तिथं.”

“खरं हाय,” एस्तेरबाई म्हणाली.

“मग त्यांचा हा रिवाज आपण का एवढा मनावर घ्यायचा? त्यांचं कर्मकांड त्यांच्यापाशी. तुम्ही ‘माफ केलं’ एवढं म्हणा आणि मोकळ्या व्हा. आपल्याला क्षमा फुकट मिळालीय, आपणही फुकट द्यायची.”

एस्तेरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं आवाज चढवला नाही. ती म्हणाली, “साहेब, प्रभूनं दुसरं बी एक सांगितलंय. देवाला अर्पण घेऊन निघालास आणि वाटेत आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याबद्दल काय हाय, तर अर्पण तितंच ठेव, आधी त्याच्याकडं जा. हे कुणाला सांगितलंय? ज्याच्याकडं भाऊ जायचा त्याला, का जो निघालाय त्याला?”

“निघालाय त्याला,” पाळकसाहेब म्हणाले.

“मग दगडूभाई ते करायला बघतोय. मुसलमान हाय, पन आपल्या प्रभूचं ऐकतोय. आपल्या मंडळीनं कवा ऐकलं? माझ्या माणसाला लिंबाखाली बसवून आत उपासना चालली व्हती, मनानं आणि खरेपणानं. तवा एकाला बी आठवलं न्हाय की अर्पण खाली ठेवावं.”

“ते माझ्या आधीचं आहे, बाई.”

“पंच तेच हायेत. तुमी आल्यावर एकदा तरी इचारलं त्यास्नी?”

पाळकसाहेबांनी विचारलं नव्हतं. त्यांनी घड्याळ बघितलं, निमसाखरला कुणाच्या तरी घरी प्रार्थना आहे म्हणाले आणि मोटरसायकलला किक मारली. तरुण माणूस, त्यालाही एकट्यालाच बोल कशाला लावायचा! पण इतक्या वर्षांत जे आले ते सगळे हिलाच समजवायला आले. चूक करणाऱ्याची झोप उडाली म्हणून गाव गोळा झालं. जिच्या घरात झोप नव्हती तिच्याकडं कुणी फिरकलं नाही. हे बघून चीड येणार नाही तर काय येईल?

तिसऱ्या दिवशी दुपारी दगडूभाई एकटाच आला. हार नाही, मुलगे नाहीत. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तो दारातच उकिडवा बसला. एस्तेरबाईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. त्यानं पाणी घेतलं आणि तांब्या खाली ठेवला.

“मी खोटं बोललो व्हतो,” तो म्हणाला. “शांतवननं पोतं आणलं न्हवतं.”

एस्तेरबाई भिंतीला टेकून बसली. एवढी वर्षं तिला हे माहीतच होतं. पण त्याच्या तोंडून ते आज पहिल्यांदा कानावर पडलं.

“ते सिकंदरनं आणलं,” दगडूभाई सांगू लागला. सिकंदर म्हणजे त्याच्या बायकोचा, रसूलबीचा, भाऊ. आता इंदापूरला त्याचं मोठं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. “एका पोराचा बाप व्हता तवा, पन वाया गेलेला. रसूलबी माझ्या पाया पडली. म्हणली, माझा एकच भाऊ, त्याला गाव मारून टाकंल. मला चावडीवर इचारलं तवा कुणाचं तरी नाव घेणं भाग व्हतं. पंप शांतवनच्या ताब्यात, म्हणून त्याचं नाव तोंडात आलं.”

“तोंडात आलं,” एस्तेरबाई म्हणाली. “आणि मागनं गिळता आलं न्हाय?”

“न्हाय आलं. मग तर माझी नसीम सिकंदरच्याच घरात सून म्हणून गेली. पोरीचा संसार. कसा बोलणार?”

“बरं. मग आता कशाला बोलताय?”

दगडूभाईनं तोंडावरचा घाम पुसला. “मौलाना म्हणले, अल्लाचा गुन्हा अल्ला माफ करील. माणसाचा गुन्हा त्या माणसानंच माफ करायचा, त्यात अल्ला बी मधी पडत न्हाय. हज करून सुदा ते धुतलं जात न्हाय. वैनी, मी तितं कोणत्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?”

एस्तेरबाईला पाळकसाहेबांचं बोलणं आठवलं. ती म्हणाली, “मला एक सांगा दगडूभाई. देव हितं न्हाय का? आमच्यात म्हणत्यात, देवाला भेटायला कुठं जावं लागत न्हाय.”

“आमच्यात बी तसंच हाय,” दगडूभाई म्हणाला. “अल्ला समदीकडं हाय. गळ्याच्या शिरंपेक्षा जवळ हाय. हज म्हंजे त्याला शोधायला जाणं न्हाय, वैनी. बोलावणं हाय, म्हणून जायाचं. बिनशिवलेली दोन पांढरी कापडं गुंडाळायची, कफन असतं तसली. राजा असो न्हायतर मोटर दुरुस्त करणारा असो, समद्यांना तीच. मैदानात उभं ऱ्हायचं आणि रडायचं. मरायच्या आधी एकदा मरून बघायचं, असं हाय ते. मागं काय ठेवून जायाचं न्हाय.”

हे तो अगदी साधेपणानं म्हणाला. फेऱ्या आणि कपडे म्हणून पाळकसाहेब जे उडवून लावत होते, ते हे होतं तर. पण तेवढ्यानं तिचा राग कमी झाला नाही, उलट वाढला. ज्याला एवढं समजतं त्यानं एवढी वर्षं गप्प बसावं?

“मग मागं ठेवू नका,” ती म्हणाली. “तुमी खोटं कुठं बोलला?”

“चावडीवर.”

“कुणापुढं?”

“समद्या गावापुढं.”

“आणि माफी मागताय माझ्या दारात, दुपारच्या उन्हात, कोण न्हाय बघून. शंभर माणसांत माझ्या नवऱ्याचं नाव घालवलं आणि एकटीच्या कानात परत देताय. जायाचं तर हाय मक्केपर्यंत, आणि चावडीपर्यंत जायाला पाय उचलत न्हाय?”

“नसीमचं काय हुईल, वैनी? सिकंदर तिला घरात ठेवील का?”

“मला सिकंदरचं नाव नको,” एस्तेरबाई म्हणाली. “त्याला त्याचा अल्ला बघून घेईल. तुमच्या पोरीचा संसार मोडून मला काय करायचंय? मला माझ्या माणसाचं नाव पायजे. एवढंच सांगा की शांतवननं आणलं न्हवतं आणि मी खोटं बोललो.”

“लोक इचारतील, मग कुणी आणलं.”

“इचारू द्या. इतकी साल माझ्या नवऱ्याला लोक इचारत व्हते, त्यानं सोसलं. तुमी एक दिवस सोसा.”

दगडूभाई उठला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघताना एस्तेरबाईला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. नाही बोलला तर? हा तसाच निघून गेला, तर पुन्हा कोण विचारणार? तिच्यामागं शांतवनचं नाव काढायलासुद्धा कुणी उरणार नव्हतं, आणि काढलं तर ते मोटर-चोर म्हणून.

निघायच्या दिवशी जुम्म्याची नमाज झाली आणि मिरवणूक मशिदीपासून निघाली. इंदापूरपर्यंत जीप, तिथून पुढं मुंबई आणि मुंबईहून विमान. दगडूभाई आणि रसूलबी पुढं, हारांनी गळे झाकलेले. अख्खं गाव लोटलं होतं. इंदापूरहून सिकंदर आला होता, पांढऱ्या सफारीत, आणि त्याच्याबरोबर नसीम पोराला कडेवर घेऊन. एस्तेरबाई चावडीसमोर उभी राहिली. पाळकसाहेब आणि मंडळीतले दोन पंचही बघायला आले होते. जीप चावडीच्या पुढं उभी होती.

दगडूभाई जीपपर्यंत आला. मुलानं दार उघडलं. रसूलबी आत बसली. दगडूभाईनं एक पाय आत ठेवला, तसाच थांबला आणि पाय परत खाली घेतला.

“मला बोलायचंय,” तो म्हणाला आणि चावडीकडं चालू लागला.

लोकांना वाटलं, हा निरोपाचं भाषण करणार. कुणीतरी टाळीही वाजवली. दगडूभाईनं गळ्यातले हार काढून मुलाच्या हातात दिले.

“आणीबाणीनंतर सोसायटीची मोटर फोडली व्हती,” तो म्हणाला. आवाज शेवटच्या माणसापर्यंत जात होता. “तांबं माझ्या दुकानात सापडलं. मी ह्याच जागेवर सांगितलं की ते शांतवन थोरातनं आणलं. ते खोटं व्हतं. शांतवननं आणलं न्हवतं. मला ठाऊक व्हतं, आणि ठाऊक असून मी बोललो. तो इमानदार माणूस व्हता.”

मग गर्दीतून कुणीतरी विचारलंच, “मग कुणी आणलं?”

“ते माझ्यापाशी मागू नका. खोटं मी बोललो, तेवढं माझं हाय.”

सिकंदर खाली बघत होता. रसूलबीनं जीपमध्ये पदर तोंडाला लावला होता.

आणि मग काय झालं म्हणता? सर्जेरावतात्या पुढं झाले. त्यांनी दगडूभाईला कडकडून मिठी मारली, मुलाच्या हातातला एक हार ओढून परत त्याच्या गळ्यात घातला आणि लोकांकडं तोंड करून म्हणाले, “ह्याला म्हणत्यात हाजी! असं कबूल करायला वाघाचं काळीज लागतं.” टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका डोळे पुसायला लागल्या. पोरं दगडूभाईचा हात हातात घ्यायला धडपडायला लागली. जो तो म्हणत होता, काय मन, काय मन! पाळकसाहेब एस्तेरबाईच्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, “बघा बाई, प्रभूनं कसं कार्य केलं.” एक पंच टाळ्या वाजवत होता.

शांतवनचं नाव एकाच्याही तोंडात नव्हतं. ज्याच्यावर चिखल उडवला तो कुणाला आठवला नाही, आणि ज्यानं उडवला त्यानं हात धुतले म्हणून गाव त्याची आरती करत होतं. किल्ली काढून घेणारा मिठ्या मारत होता. ताट काढून घेणारा टाळ्या वाजवत होता. एवढ्या गर्दीत एस्तेरबाईकडं बघत होता तो एकटा दगडूभाई. त्यानं सर्जेरावतात्यांना बाजूला सारलं, गर्दीतून वाट काढत तो तिच्यापुढं आला आणि त्यानं हात जोडले.

“वैनी?”

“माफ केलं,” एस्तेरबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “माझ्याकडनं माफ, शांतवनकडनं माफ. मनात काय ठेवू नका. नीट जावा, नीट या.”

दगडूभाई लहान पोरासारखा रडला. मुलांनी त्याला धरून जीपमध्ये बसवलं. जीप हलली, पोरं मागं पळाली, धुरळा उडाला. लोक पांगायला लागले. सर्जेरावतात्या पागोटं सारखं करत म्हणाले, “चला, गोड झालं समदं.”

“थांबा तात्या,” एस्तेरबाई म्हणाली.

तात्या थांबले. पाळकसाहेब थांबले, दोन्ही पंच थांबले, आणि काय होतंय ते बघायला बाकीचेही थांबले.

“दगडूभाई खोटं बोलला, ते त्यानं सांगितलं. त्याचं तेवढंच व्हतं. पन किल्ली त्यानं न्हवती काढून घेतली. लिंबाखाली त्यानं न्हवतं बसवलं. माझ्या पोराला शाळेत मोटर-चोराचा म्हणून हाका त्यानं न्हवत्या मारल्या. ते कुणी केलं?”

टाळ्या वाजवणाऱ्या पंचानं हात पाठीमागं नेले.

“आता झालं की, बाई,” एक पंच म्हणाला. “आपण मंडळीत बसून बोलू कवातरी.”

“कवातरी,” एस्तेरबाई म्हणाली. “साहेब, तुमचं खरं व्हतं. त्यांच्यात आणि आपल्यात फरक हाय. त्याला मक्केला जायचं व्हतं, म्हणून त्याला माफी मागावी लागली. तुमाला कुठंच जायचं न्हाय. देव हितंच, चर्च हितंच, चावडी हितंच. मग तुमी कवा मागणार?”

पाळकसाहेबांनी पंचांकडं बघितलं, पंचांनी सर्जेरावतात्यांकडं आणि तात्यांनी जीप गेली त्या रस्त्याकडं. ऊन रणरणत होतं. लोक पाय हलवत होते, पण निघून जायचं कुणाला धाडस होत नव्हतं.

एस्तेरबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती चावडीच्या कट्ट्यावर बसली.

“मला बी कुठं जायचं न्हाय,” ती म्हणाली. “बसलीया मी.”